चढी पांढरी पाच

सोसायटीच्या गणपतीत संगीत खुर्ची आणि आरती यांच्यामध्ये मला दहा मिनिटं मिळाली. अँप लावला आणि मी गिटारची तार छेडायच्या आत घूंऽऽऽ सुरू.

पहिल्या रांगेतले पेटीवाले काका उठले. डोळे मिटून, कानामागे हात धरून म्हणाले, "पांढरी पाच. जरा चढी आहे."

पांढरी पाच म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, आणि चढी म्हणजे त्याहून किंचित वर. संताप याचा की काका बरोबर होते. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते आणि खर्जातली पांढरी पाच 49 वेळा. माझ्या गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखाली बसवलेल्या 'काना'त, चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते गिटारचा सूर पकडतात, तसंच हॉलमधल्या वायरिंगचं रडगाणंही.

"काका, हा नॉइज आहे."

"नॉइज कसला, तंबोरा आहे. तू कशात वाजवणार?"

"पांढरी तीन."

"मग हा कोमल गंधार. कानडा काढ एखादा."

"ब्लूज वाजवायचंय."

"त्यात कोमल गंधार नसतो?"

"...असतो."

"मग तक्रार काय?"

गोल फिरत फिरत एक दिशा सापडली, जिथे घूं निम्मं होत होतं. तोंड मूर्तीकडे, पाठ लोकांकडे. "संस्कार आहेत हो," मागून एक काकू म्हणाल्या.

यावर उपाय नाही असं नाही. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं 1955 मध्येच हंबकर काढला, म्हणजे घूं मारणारा पिकअप. एकाऐवजी दोन गुंडाळ्या, दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. घूं आपसात कटतं, तारांचा सूर मात्र बेरजेत येतो. पण मला एकेरी गुंडाळीचाच तो खणखणीत आवाज हवा असतो. गिटारच्या आतल्या खाचेत तांब्याची पट्टीही चिकटवलीय, तिनं चरचर जाते. ट्रान्सफॉर्मरचं घूं तिला भीक घालत नाही.

आणि हॉलच्या सॉकेटचं तिसरं भोक शोभेचं आहे. मागे अर्थिंगची वायरच नाही. तारांना हात लावला की झिणझिण्या येतात, हे मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं. यंदा कमान थर्माकोलऐवजी फायबरची आली, लुकलुकत्या माळा दुप्पट झाल्या. अर्थिंगचा विषय 'पुढच्या सभेत'. एखाद्याला नीट झटका बसेपर्यंत ती सभा भरणार नाही, असं दिसतंय.

माझं संपलं. टाळ्या पडल्या, म्हणजे आरतीची तयारी सुरू झाली. मी अँपकडे वळलो तर काका पेटी घेऊन शेजारी.

"बंद नको करू. गिटार ठेव हवं तर."

पेटीची पांढरी पाच दाबून त्यांनी तोंड वाकडं केलं. "तुझ्या या विजेला थोडं उतरवता येतं का रे?"