रेड टेल कॅटफिश टाकीएवढाच वाढतो? नाही!

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवलाय. सोबत एका मोठ्या माशाचा व्हिडिओ आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: रेड टेल कॅटफिश फ्लॅटमध्ये आरामात राहतो, मासा टाकीएवढाच वाढतो, खायला कमी घातलं की लहानच राहतो, आणि मोठा झालाच तर दुकानदार परत घेतो, नाहीतर तलावात सोडून द्यायचा. चौथा मेसेज मामेबहिणीच्या मुलाचा होता. दहावीची परीक्षा संपल्यावर त्याला मासे पाळायचेत. खाली लिहिलं होतं, "मावशी, घेऊ का?" मी बारा वर्षं घरात टाक्या सांभाळतेय. हे उत्तर त्याच्यासाठी आहे, आणि तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या सगळ्यांसाठीही.

आधी मासा कोणता ते बघू. क्रॉफर्ड मार्केटात प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं ते पिल्लू बोटाएवढं असतं. काळपट पाठ, तोंडापासून शेपटीकडे गेलेला पांढरा पट्टा, केशरी शेपूट, शिंगाळ्यासारख्या लांब मिशा. कुणालाही भुरळ पडेल, मलाही पडली होती. पण हा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतला मासा. पूर्ण वाढला की चार फुटांच्या घरात जातो. गळाला लागलेले काही मासे ५० किलोच्या वर भरले आहेत. आणि नीट सांभाळला तर पंधरा वर्षं, त्याहूनही जास्त जगतो.

"मासा टाकीएवढाच वाढतो." या एका वाक्यापायी सगळ्यात जास्त मासे हाल सोसतात. माझ्या मावसभावाने भांडुपच्या घरात हा मासा ठेवला होता. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद. दोन वर्षांत मासा दोन फुटांचा झाला. म्हणजे टाकीच्या रुंदीपेक्षा मासाच लांब. वळायचं झालं की त्याला अंग दुमडावं लागे आणि दर वेळी तोंड काचेवर घासे. ओठावरची कातडी जाऊन तिथे पांढुरका चट्टा पडला होता, एक मिशी मुळापासून तुटलेली. एके सकाळी तळातला लिंबाएवढा गोटा दिसेना. दुसऱ्या दिवशी त्याने तो ओकून टाकला, तेव्हा आम्हाला कळलं गोटा कुठे गेला होता ते. हा मासा तोंडात मावेल ते गिळतो. टाकीतले बाकीचे मासे तर त्याने पहिल्या सहा महिन्यांतच संपवले होते.

मग काही टाक्यांत मासा लहानच राहिलेला दिसतो, तो कसा? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मुख्यतः पाणी बदलूनच कमी होतं. एवढ्याशा पाण्यात एवढा मोठा मासा असला की ही घाण साठत जाते, मासा सतत ताणाखाली राहतो, भूक मंदावते, वाढ खुंटते, पाठ वाकडी होऊ शकते. मेसेज ज्याला "टाकीएवढाच वाढतो" म्हणतो, ते हे आजारपण आहे. आतले अवयव वाढत राहतात आणि मासा फुटतो असंही काही जण सांगतात. ते मी म्हणत नाही. पण दिसतं तेवढंही पुरेसं वाईट आहे.

"कमी खायला घाला." यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. मोठ्या झालेल्या माशाला आठवड्यातून एक-दोनदा खाणं पुरतं, रोज घालणं उलट त्रासाचं. पण वाढत्या पिल्लाला लहान ठेवण्यासाठी उपाशी मारायचं, ही क्रूरता आहे.

"फ्लॅटमध्ये आरामात राहतो." गणित करू. चार फुटांच्या माशाला सरळ पोहून वळता यायला हवं, म्हणजे दहा बाय सहा फुटांच्या आतली टाकी मी विचारातही घेणार नाही. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची, त्यातले ६० चौरस फूट या टाकीलाच गेले. अडीच फूट पाणी भरलं तर ते सव्वाचार हजार लिटर होतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन सव्वाचार टन. काच आणि स्टँड वेगळे. राहत्या खोलीची स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून आखतात. इथे तो ७५० किलोच्या वर जातो, आणि तोही रात्रंदिवस. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे करणं म्हणजे खालच्यांच्या जिवाशी खेळ. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय सोसायटीने असल्या टाकीला होकार देऊच नये.

शिवाय पाणी. आठवड्याला एक तृतीयांश बदलायचं तर १,४०० लिटर लागतात. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं, तर चौघांच्या घराचं अडीच दिवसांचं पाणी झालं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायला हवं, नाहीतर मासा आणि फिल्टरमधले जिवाणू दोघांनाही अपाय. मे महिन्यात मुंबईतल्या टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. अशा दिवशी दोन तास वीज जाऊन फिल्टर आणि हवेचा पंप बंद पडला तर?

"दुकानदार परत घेतो." मावसभाऊ तीन दुकानं फिरला. तिन्हीकडे नकार. दुकानात पिल्लं खपतात. दोन फुटांचा मासा ठेवायला त्यांच्याकडेही जागा नसते.

"तलावात सोडा." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. २०१८च्या महापुरानंतर केरळच्या पाण्यात अरापायमा आणि अ‍ॅलिगेटर गार सापडले, दोन्ही परदेशी, पाळण्यासाठी आणलेले. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात काचा साफ करणारा सकर मासा येऊ लागला, तोही मुळात टाकीतलाच. पवई तलावात पिशवी रिकामी करून आपण मोकळे होतो, पण तो शिकारी मासा तिथल्या माशांवर जगू लागतो, किंवा उपासमारीने मरतो. दोन्ही पाप आपल्याच माथी.

ज्यांच्या घरी हा मासा आहेच, त्यांनी तो सोडू नये. मोठं सिमेंटचं तळं आणि चांगलं फिल्टर असलेला माणूस शोधावा, आणि तोवर पाणी जास्त वेळा बदलावं. मावसभावाला असा माणूस कर्जतजवळ मिळायला पाच महिने लागले. मासा न्यायला आम्ही मोठं झाकणाचं पिंप आणि बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन गेलो होतो. तळ्यात सोडल्यावर तो आधी भिंतीला चिकटून थांबला, मग एकदम सरळ पोहत पलीकडच्या टोकाला गेला. इतकं अंतर सरळ पोहताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

भाच्याला मी नाही म्हणून कळवलंय. मिशांचाच मासा हवा असेल तर कोरिडोरास घे, दोन-अडीच इंचांचे असतात, सहा जणांचा घोळका तीन फुटांच्या टाकीत खूश राहतो. तळाला वाळू मऊ हवी, नाहीतर मिशा झिजतात. रविवारी आम्ही दोघं टाकी बघायला जाणार आहोत. मासे महिनाभराने, फिल्टरमध्ये ते जिवाणू वाढून पाणी तयार झाल्यावर.