मध्यम तिखट

कोल्हापुरात मिसळ कुठली चांगली हे सांगणं सोपं. फार तर भांडण होतं. रोमान्स कादंबरी सुचवली की आपली अब्रूच दुसऱ्याच्या पिशवीत जाते.

मी त्या वाचते. दोघं आधी हाडवैरी, नाहीतर घरच्यांना दाखवायला खोटंखोटं जमवलेलं, आणि शेवट गोड. शेवट गोड नसेल तर त्याला रोमान्स धरतच नाहीत. लोक नाकं मुरडतात. मुरडोत. पण ज्या गावच्या राजाराम कॉलेजात प्रेमकादंबऱ्या लिहिणारे ना. सी. फडके प्राध्यापक होते, त्या गावानं तरी मुरडू नयेत.

तर आत्ती. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि म्हणाली, "आता दिसायलंय, काहीतरी वाचायला दे गं." मी दिलं. या पुस्तकांत शृंगार किती, हे वाचकमंडळी मिरच्या मोजून सांगतात. हे माझ्या आठवणीत दोन मिरच्यांचं. म्हणून बोलून गेले, "मध्यम तिखट आहे."

रात्री अंथरुणावर पडल्यावर सतरावं प्रकरण आठवलं. उठूनच बसले.

सकाळी सातला राजारामपुरीतून मंगळवार पेठेत. "आत्ती, ते पुस्तक चुकून दुसरंच दिलं बघ..."

"संपवलो की रात्रीच."

पुस्तक उघडलं तर समासात लाल बॉलपेन. नायक जिथं जिथं गुरगुरला होता तिथं रेघ, आणि शेवटी बेरीज : एकोणीस. खाली शेरा, 'कुत्रं चावलंय काय?' आणखी एका पानावर, 'एवढी मोठी कंपनी, जीएसटी कोण भरतंय?'

"आणि हॉटेलात एकच पलंग म्हणे," आत्ती चहा गाळत म्हणाली. "नवरात्रात अंबाबाईला एवढी गर्दी असती, तरी लॉजवाला जादा गादी टाकतोय की!"

मी धीर केला. "आणि ते... सतरावं?"

आत्तीनं गाळणं खाली ठेवलं. "मध्यम म्हणालीस न्हवं? आमच्यात मध्यम म्हणजे पुण्याच्या पाव्हण्यांचं. मिल्स अँड बून वहीत घालून वाचल्यात आम्ही, तास चालू असताना."

मला वाटत होतं, हा शोध आमच्या पिढीचा. असल्याच इंग्रजी कादंबऱ्या छापणारी मिल्स अँड बून कंपनी लंडनला निघाली १९०८ साली.

"बरं, मग नेते मी पुस्तक."

"कुठं नेतीस? आज भिशी हाय. बायकांना फोन करून झालाय."

संध्याकाळी तिचाच फोन. पुस्तक कुणाला आधी यावरून वाद झाला, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या.

"तुझीपण टाकली हं, तुझं पुस्तक म्हटल्यावर. अकरावा नंबर लागलाय."