रत्नागिरीचा गडद रंग

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर महाराष्ट्राचा एक रंगीत नकाशा फिरत फिरत येतो. जिल्हावार लिंग गुणोत्तर, २०११ ची जनगणना. रत्नागिरी सगळ्यात गडद, हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. खाली सिंधुदुर्ग, १०३६. राज्याचा आकडा ९२९. मग सुरू होतं, ‘कोकणात मुलीला लक्ष्मी मानतात’, ‘घाटावरच्यांनी जरा शिका’. घाटावरचेही गप्प बसत नाहीत आणि दोन दिवस ग्रुप पेटलेला असतो.

मी कोकणातलाच आहे, तरी सांगतो, त्या गडद रंगात कौतुक करण्यासारखं फार काही नाही. त्यात दिसतात ते गावात नसलेले बाप्ये.

जन्माला येताना जगात सगळीकडे मुलगे थोडे जास्तच असतात. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात हजारामागे अकराशेवर बायका दिसल्या तर पहिली शंका ही यायला हवी, की पुरुष गेले कुठे? ० ते ६ वयोगटाचा आकडा काढा, रत्नागिरी गुपचूप हजाराच्या आत येते. म्हणजे पोरं लहान आहेत तोवर चित्र चारचौघांसारखं, मिसरूड फुटलं की माणूस गाडीत. त्याच जनगणनेत मुंबई शहर ८३२ आणि उपनगर ८६०. तिथल्या या आकड्यांमागे यूपी-बिहारपासून सगळीकडचे पुरुष आहेत हे खरं, पण आपलेही आहेत. रत्नागिरीत वजा झालेला माणूस पूर्वी लालबाग-परळच्या खोलीत अधिक व्हायचा, आता विरार नाहीतर दिव्याला होतो. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्के वाढली, रत्नागिरीची मात्र सुमारे ५ टक्के घटली. या घटीचा नकाशा त्या गुणोत्तराच्या नकाशाशेजारी ठेवून कुणी फॉरवर्ड केलेला मी तरी पाहिला नाही.

आणि मोजणी झाली फेब्रुवारीत. शिमग्याच्या आधी, चाकरमानी मुंबईत असताना. गणपतीत मोजली असती तर काय दिसलं असतं, याची कल्पना कोकणकन्येचं तिकीट काढायला पहाटे रांग लावलेल्यांनी करावी.

हे सगळं नववीच्या भूगोलात आहे हो. वितरणाचे नकाशे, त्यात टिंब पद्धत, क्षेत्रघनी, समघनी. आपण काय केलं, तर व्याख्या पाठ केल्या आणि दहावीला ‘आराखड्यात दाखवा व सूची द्या’चे मार्क घेऊन मोकळे झालो. क्षेत्रघनी नकाशात अख्ख्या जिल्ह्याला एकच छटा मिळते, मग आत काहीही असो, ही एवढी एकच गोष्ट डोक्यात राहिली असती तरी पुरलं असतं.

तेव्हाचा ठाणे जिल्हा घ्या. २०११ ला लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ११५७. या आकड्यात कळवा-मुंब्र्याच्या चाळीही आल्या आणि जव्हार-मोखाड्याचे पाडेही आले. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारी, पाण्यासाठी डोंगर उतरणारी माणसं नकाशावर ‘दाट वस्ती’ म्हणून रंगली! २०१४ ला पालघर वेगळा झाला, सीमा हलली आणि एकही माणूस जागचा न हलता रंग बदलला. गट पाडण्यातही गंमत असते. ‘१००० च्या वर’ असा शेवटचा गट केला की ११५७ चं ठाणे आणि २०,९८० चं मुंबई उपनगर एकाच रंगात बसतात. सूची न वाचता भांडणाऱ्याला हे कळणार कसं?

मला स्वतःला जिल्ह्याच्या नकाशापेक्षा टोपोशीट, म्हणजे डोंगर, ओढे, घरं, वाटा दाखवणारा स्थलदर्शक नकाशा, आवडते. सर्व्हे ऑफ इंडियाची, १:५०,००० ची, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. देशावरची एखादी शीट उघडली की गाव म्हणजे लाल ठिपक्यांचा एक घट्ट पुंजका, चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळालेले, भोवती पिवळं रान. कोकणातली उघडली की तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या मधल्या सपाट तुकड्यांवर चार घरं इथे, सहा तिथे. एकाच गावाच्या नावाखाली कुंभारवाडी, सुतारवाडी, बौद्धवाडी, मध्ये वहाळ, म्हणजे ओढा. पुस्तकात याला केंद्रित आणि विखुरलेली वस्ती म्हणतात आणि कारण म्हणून उतार, पाणी, शेताचा आकार देतात. ते बरोबर आहे, पण अर्धंच आहे. कुठली वाडी पाण्याजवळ आणि कुठली गावाच्या टोकाला, हे उतारानं ठरवलेलं नाही. सरकारने २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, चांगलंच केलं. नावं बदलतील, घरं आहेत तिथेच राहतील आणि शीटवर ते दिसत राहील.

लोक म्हणतात, मोबाइलवर नकाशा असताना हे कशाला? रस्ता शोधायला नकोच. पण त्या निळ्या ठिपक्याला वाडीपर्यंत डांबर का पोचलं नाही हे विचारता येत नाही. टोपोशीटवर निदान शेवटच्या घरापर्यंत गेलेली तुटक पायवाट आणि तिने ओलांडलेल्या समोच्च रेषा मोजता येतात. दोन रेषांमध्ये साधारण २० मीटरची चढण. डोक्यावर हंडा घेऊन किती रेषा चढायच्या, तेही मोजा.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जनगणना येतेय. आकडे जाहीर झाले की आठवडाभरात रंगीत नकाशे सुटतील आणि रत्नागिरी बहुधा पुन्हा गडद असेल. मी तेव्हाही तालुक्याचा आकडा मागणार, ० ते ६ चा नकाशा मागणार आणि गट कसे पाडलेत ते विचारणार. मागच्या वेळी ॲडमिनने ‘सर, पुरे’ असं लिहिलं होतं. बघू यंदा काय लिहितो.