समृद्धीवर निघण्याआधी टायरची हवा कमी करू नका

मार्च उजाडला की नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "समृद्धीवर जाणाऱ्यांनी जरूर वाचा. उन्हाळ्यात टायरमधली हवा तापून फुगते आणि टायर फुटतो, म्हणून ३३ ऐवजी २५ च ठेवा. रेसिंगवालेसुद्धा ट्रॅकवर कमीच हवा ठेवतात. नायट्रोजन भरला तर दाब वाढतच नाही. भारीतले समर टायर फक्त उन्हाळ्यासाठी, पावसात घसरतात. टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. आणि साइडवॉलवर वाय लिहिलं असेल तर ३०० च्या वेगापर्यंत काळजी नाही."

यातला हवेचा सल्ला पाळला तर माणसं जिवाला मुकू शकतात. म्हणून सर्वांत जास्त जागा त्यालाच.

हवा तापली की दाब वाढतो, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. किती वाढतो ते पाहू. पहाटे २५ अंशांना ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, मेसेजमधले आकडेही त्यातलेच) भरलेला टायर आतून ७० अंशांपर्यंत तापला, तर गेज साधारण ४० दाखवेल. दर सहा-साडेसहा अंशांना एक पीएसआय, असा ढोबळ हिशेब. हे ४० टायरला झेपतात. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक अक्षरांत कमाल दाब छापलेला असतो, कारच्या टायरवर बहुतेकदा ४४ किंवा ५१, आणि तो थंड टायरचा आकडा असतो. धावताना त्यावर जी वाढ होणार ती धरूनच टायर बांधलेला असतो.

टायर फुटतो तो वाकून वाकून. २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा घेर जवळजवळ दोन मीटर. ताशी १२० किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे १७ फेऱ्या मारतो, म्हणजे मिनिटाला हजार. प्रत्येक फेरीत साइडवॉलचा प्रत्येक भाग खाली येताना दबतो आणि वर जाताना सरळ होतो. रबर दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असेल तर साइडवॉल जास्त दबते, जास्त तापते. ज्या उष्णतेच्या धाकाने हवा सोडली, तीच वाढली.

ही उष्णता सर्वांत जास्त साठते टायरच्या खांद्याखाली (नक्षी आणि साइडवॉल जुळतात ती कड), जिथे नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडा संपतात. तिथे रबर पोलादापासून सुटायला लागतं. आधी केसाएवढी चीर, मग थर वेगळा, आणि एखाद्या दिवशी पूर्ण वेगात नक्षीचा पट्टाच उखडून येतो. ही चीर बाहेरून दिसत नाही आणि नंतर हवा बरोबर भरली तरी भरून येत नाही. एप्रिलमध्ये २५ वर पळवलेला टायर जूनमध्ये ३३ वर असताना फुटतो आणि दोष ३३ ला दिला जातो. टायर रिमवरून उतरवाल तेव्हा आत हात फिरवून बघा. काळी भुकटी हाताला लागली किंवा साइडवॉलच्या आतून गोल घासल्याची रेघ दिसली, तर तो टायर कमी हवेवर चाललाय. तो पुन्हा चढवू नका, स्टेपनीलासुद्धा.

वजनाचा हिशेबही घाला. ९१ हा लोड इंडेक्स म्हणजे एका टायरला ६१५ किलो, पण ते ३६ पीएसआयला. २५ ला तोच टायर ४५०-४६० किलोच पेलतो. तेराशे किलोची गाडी, पाच माणसं आणि शिर्डीहून पुढे नागपूरपर्यंतचं सामान मिळून सतराशेच्या पुढे जातं. चौघांत सारखं वाटलं तरी प्रत्येकावर सव्वाचारशेच्या वर, आणि भरलेल्या डिकीमुळे मागच्या दोघांवर त्याहून जास्त. शिल्लक काहीच उरत नाही.

समृद्धीवरच टायर फुटतात, काँक्रीटमुळे फुटतात, असंही या मेसेजच्या शेपटीला जोडलेलं असतं. टायरचं तापमान पूर्ण चढायला अर्धा-पाऊण तास सलग वेग लागतो. आग्रा रोडने धुळ्याकडे जाताना ओझर, पिंपळगाव, चांदवड असे थांबे आणि घाट येत राहतात, टायर मध्येमध्ये निवतो. भरवीरला किंवा गोंद्याला समृद्धीवर चढलेली गाडी दोन तास १२० वरून खाली येत नाही. गावात वर्षभर लपलेला दोष तिथे उघडा पडतो.

मग हवा किती ठेवायची? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर दोन रकाने असतील तर लांबच्या, भरल्या गाडीच्या प्रवासाला पूर्ण भाराचा रकाना घ्या. हा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरच्या आत चाललेली असावी. गंगापूर रोडवरून निघून पाथर्डी फाट्याच्या पंपावर हवा बघितली, तर शहरातल्या त्या फेरीनेच टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवेल. ते जास्तीचे सोडायचे नाहीत. दुपारी उन्हात उभ्या गाडीचंही तेच, त्यातही ऊन लागलेल्या बाजूचे टायर सावलीतल्यांपेक्षा जास्त दाखवतात. पंपावरच्या मशीनमध्ये दोन-तीन पीएसआयची चूक सर्रास असते, म्हणून स्वतःचा गेज घ्या, सकाळी घरीच मोजा. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी आणखी एक बारीक गोष्ट: नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर आहे. ठाण्यात ३२ भरलेला टायर कसारा घाट चढून आल्यावर, तापमान तेच असलं तरी, ३३ च्या जवळ दाखवतो. तो बिघाड नव्हे, बाहेरच्या हवेचा दाब इथे कमी असतो.

"रेसिंगवालेसुद्धा कमीच ठेवतात." हे अर्धसत्य आहे आणि मेसेजवर विश्वास बसतो तो यामुळेच. कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रस्त्याच्याच समर टायरवर गाड्या चालवणारे सुरुवातीला खरोखर कमी हवा ठेवतात. पण त्यांचं लक्ष गरम दाबावर असतं. ट्रॅकवर वळणं, ब्रेक आणि पुन्हा वळणं असा मारा चालू असतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत दाब सात-आठ पीएसआय चढतो. अकराशे ते तेराशे किलोच्या गाडीला गरम टायरवर साधारण ३४ ते ३६ हवे असतात, म्हणून थंड असताना २७-२८ वर सुरुवात. त्याहून वर गेला की नक्षी मधोमध फुगते, जमिनीला टेकणारा भाग घटतो आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. खाली राहिला तर टायर खांद्यावर लोळतो आणि साइडवॉल घासते.

हे करण्याची रीत ठरलेली आहे. पहिल्या खेपेला ३० वर निघा. एक फेरी सावकाश, तीन-चार जोरात, आणि थंड होण्याची फेरी न घेता थेट पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) या. दोन मिनिटांच्या आत चारही टायर मोजा आणि गरम आकड्यावर आणा. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतील तर डावे टायर जास्त तापतात, त्यांतून जास्त हवा सुटेल. दुसऱ्या दिवशी थंड असताना चारही वेगळे आकडे दाखवतील, ते तसेच वहीत लिहून ठेवा. खांद्यावर खडूची आडवी रेघ मारा. बऱ्याच टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो. खडू त्रिकोणापर्यंत पुसला तर दाब बरोबर, त्याच्याही खाली साइडवॉलवर पुसला तर कमी. पायरोमीटर (रबराचं तापमान मोजायची सुई) असेल तर नक्षीत आत, मध्ये आणि बाहेर टोचून बघा. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर कमी. हे मोजमाप झालं की पुढच्या प्रत्येक खेपेत शेवटची फेरी ब्रेक न मारता घ्या, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, आणि चाकाचे नट थंड झाल्यावर टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला पुन्हा तपासा. पहिल्या खेपेनंतर ते सैल झालेले सापडतात.

इतकी देखरेख पंधरा-वीस मिनिटांच्या खेपेसाठी असते. गाडीत एकटा चालक, डिकी रिकामी, बाहेर माणूस गेज घेऊन उभा. समृद्धीवर यातलं काय असतं? आणि ट्रॅकवालेही जिथे चुकतात ती जागा इथेच आहे: दिवसभर हवा सोडत गेलेले टायर रात्रीत थंड होऊन २६ वर येतात आणि सकाळी त्याच टायरवर हजार किलोमीटरहून लांबचा नाशिकचा रस्ता धरला जातो. निघण्याआधी १२ व्होल्टच्या पंपाने स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत हवा भरा. हात फिरवून खांद्याचे तुकडे उडालेत का, फोड आलेत का तेही बघा. कोऱ्या आठ मिलिमीटर नक्षीच्या टायरवर हे जास्त होतं, कारण उंच ठोकळे वळणात हलतात आणि आतून भाजून निघतात. म्हणून कोरडा ट्रॅक चार-पाच मिलिमीटर उरलेल्या टायरवर बरा. तोच टायर पावसाळ्यात मात्र उतरणीला लागलेला असतो.

नायट्रोजनचं थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच वाढतात, फरक पडतो तो ओलाव्याचा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं नसेल तर वाफेमुळे दाब थोडा जास्त चढतो. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन असतो तो मुख्यतः आगीचा धोका टाळण्यासाठी. भरला म्हणून बिघडत नाही, पण गेज बाजूला ठेवू नका. आणि वाटेत हवा कमी दिसली तर नायट्रोजनच्या शोधात तशीच गाडी पळवण्यापेक्षा साधी हवा भरा.

समर टायर पावसात घसरतात, हा नावावरून झालेला घोटाळा. हे नाव बर्फाच्या देशांतून आलं. तिथे हिवाळ्याचे टायर वेगळे, त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असं चिन्ह असतं. बाकीच्या महिन्यांचा तो समर टायर, आणि त्या महिन्यांत पाऊस धरलेलाच आहे. चांगल्या समर टायरच्या रबरात सिलिका भरपूर असते, ती ओल्या डांबरावर पकड देते, आणि लांब सरळ खाचा पाणी बाहेर टाकतात. हे रबर कडक पडतं ते सुमारे ७ अंशांच्या खाली. निफाडला पारा ५ च्या खाली जातो अशा डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पहिले काही किलोमीटर जपून चालवा, आपल्याकडे एवढंच पुरे.

पावसात घात करते ती घासलेली नक्षी आणि पुन्हा तीच कमी हवा. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो याचं विमानांच्या टायरवरून बसवलेलं जुनं सूत्र आहे: दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). ३२ पीएसआयला ते ताशी ९४ किलोमीटर, २४ ला ८२. कारच्या टायरला नक्षी आणि रुंदीने आकडे सरकतात, दिशा तीच राहते. इगतपुरीच्या पावसात बारा किलोमीटरचा फरक कमी नव्हे. नक्षीच्या खाचेतला उंचवटा १.६ मिलिमीटरला लागतो, तेव्हा टायर गोटा झालेला असतो. महामार्गावर पावसाळा काढायचा असेल तर तीनला बदला. दोनच नवे घेत असाल तर ते मागे बसवा, गाडीला पुढून ओढ असली तरी. पुढची चाकं तरंगली तर स्टिअरिंग हलकं पडून कळतं, मागची तरंगली तर गाडी फिरते.

रुंद टायरने कोरड्यावर वळणातली पकड वाढते, पण रुंद टायर पाणीही जास्त गोळा करतो. शिवाय रुंदी (मापातला पहिला आकडा, मिलिमीटरमध्ये) वाढवताना दुसरा आकडा (साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के) कमी करायचा असतो, तिथे चूक होते. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवला की चाक चार टक्क्यांनी उंच होतं. मीटरवर १०० दिसताना गाडी चार टक्के जास्त वेगात असते, आणि भरल्या गाडीत खड्ड्यात टायर मडगार्डच्या अस्तराला घासतो. त्याच गाडीला १९५/५५ आर १६ घेतला तर उंची जवळजवळ तीच राहते. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. साइडवॉल बुटकी होते म्हणून खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यताही धरून चाला.

वाय म्हणजे ताशी ३००, डब्ल्यू २७०, व्ही २४०. हे आकडे योग्य हवा, योग्य वजन आणि धडधाकट टायर असेल तेव्हाचे. बाहेरून बोटाने चिकट दोरा कोंबून पंक्चर काढलेल्या टायरला ते लागू राहत नाहीत. तो दोरा घरी पोहोचण्यापुरता धरा आणि नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या, तोही नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच. असा टायर ट्रॅकवर नेऊ नका. टायरचं वय साइडवॉलवरच्या 'DOT' या अक्षरांनंतरच्या ओळीतल्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्या. साइडवॉलवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. अक्षर कोणतंही असो, तो टायर त्याच दिवशी उतरवा.