गार पाण्याने कुत्रा मरत नाही

‘उन्हाळ्यात श्वानप्रेमींसाठी दहा सुवर्णनियम. जनहितार्थ पुढे पाठवा, एक मुका जीव वाचेल.’ हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो आणि दर वेळी मी तो न वाचता पुसून टाकतो. यंदा तो मावशीकडे पोचला. तिच्याकडे दाट केसांचा, वयाने उतरणीला लागलेला कुत्रा आहे, बाग आहे, आणि सुट्टी मिळाली की कुत्र्याला गाडीत घालून कुठेतरी भटकून यायची हौस आहे. म्हणजे दहाच्या दहा नियम जिला लागू पडतात अशी बाई. तिने मेसेज नुसता पुढे पाठवला असता तर एक वेळ चाललं असतं. तिने तो पाळायला घेतला. ‘अरे, तापलेल्या कुत्र्यावर गार पाणी टाकलं की हार्ट बंद पडतं म्हणे. मी टॉवेल भिजवून तयार ठेवलेत. डॉक्टरांनी तपासलंय सगळं, खाली लिहिलंय बघ.’ खाली लिहिलंय ‘एका अनुभवी पशुवैद्यांकडून’. नाव नाही, दवाखाना नाही, काही नाही. एवढा अनुभव असलेल्या माणसाला सही करायची लाज का वाटावी, कळत नाही.

तर सगळ्यात घातक नियमापासून सुरुवात करतो. तिसरा. ‘उष्माघात झालेल्या कुत्र्यावर चुकूनही गार पाणी ओतू नका. रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडते व हृदयविकाराचा झटका येतो. ओल्या टॉवेलात गुंडाळून तडक दवाखाना गाठा.’

ऐकायला शास्त्रीय आहे, म्हणूनच पसरतं. गारव्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हे खरं. पण त्यामुळे उष्णता बाहेर पडायची थांबते हे खरं नाही. अंग एक्केचाळीस-बेचाळीस अंशांवर गेलेलं असताना त्यावर गार पाणी पडलं, की दोघांच्या तापमानातला फरकच इतका मोठा असतो की उष्णता भराभर पाण्यात जाते. माणसांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या फॉलमथच्या धावण्याच्या शर्यतीत पळताना उष्माघात झालेल्यांना बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात. १८ वर्षांत अशा २७४ जणांची नोंद झाली आणि सगळे वाचले. मेसेजच्या हिशोबाने तिथे प्रेतांचा खच पडायला हवा होता.

माणसाचं कुत्र्याला कशाला लावता, असं कोणी म्हणेल. मग कुत्र्यांचंच बघू. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा व्हेटकम्पास नावाचा प्रकल्प आहे. साध्या दवाखान्यांतल्या लाखो जनावरांच्या केसपेपरांवरून ते अभ्यास करतात. एमिली हॉल, अ‍ॅन कार्टर आणि डॅन ओनील या तिघांनी त्यातून उष्माघाताच्या नोंदी काढल्या. २०२० साली आलेल्या पहिल्या अभ्यासात एका वर्षातल्या नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी होत्या, आणि उष्माघात झालेल्यांपैकी साधारण सातातला एक दगावला होता. २०२३ सालच्या अभ्यासात त्यांनी नेमका आपला प्रश्न घेतला: दवाखान्यात आणण्याआधी मालकांनी काय केलं? ज्यांच्या केसपेपरात थंड करण्याबद्दल काही माहिती होती, त्यातल्या फक्त २१.७ टक्के कुत्र्यांना निघण्यापूर्वी थंड करण्याचा काही प्रयत्न झाला होता, आणि एकूण वापरलेल्या उपायांत सगळ्यात जास्त, साधारण निम्म्या वेळा, ओला टॉवेलच होता. थंड न केलेले कुत्रे तापलेल्या अंगाने, तापलेल्या गाडीतून, रस्ताभर अजून तापत आले. या मंडळींचा सल्ला चार शब्दांचा आहे: आधी गार, मग दवाखाना. मेसेजने तो बरोबर उलटा केलाय.

आता टॉवेल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, पण त्याने काही भागत नाही. त्याची सगळी मदार धापेवर. जीभ आणि तोंडाची ओल उडून जाते आणि तेवढी उष्णता घेऊन जाते. अंगावर ओतलेलं पाणीसुद्धा वारा लागून उडालं तरच उपयोगाचं. जाड ओला टॉवेल पांघरला की हे उडणंच बंद. कोणाला पटत नसेल तर पळून आलेल्या धडधाकट कुत्र्याच्या पाठीवर ओला टॉवेल टाका, पाच-दहा मिनिटांनी टॉवेल आणि केस यांच्या मधे हात घाला. कोमट, दमट वाफ लागते हाताला. तोवर त्या टॉवेलची घोंगडी झालेली असते.

मग करायचं काय? कुत्रा तरुण आणि धडधाकट असेल, पळून-खेळून तापला असेल, तर त्याला गार पाण्यात बसवा. टब, हौद, काहीही चालेल, डोकं मात्र पाण्याच्या वर धरून. म्हातारा किंवा आजारी असेल तर बुडवू नका. त्याच्या अंगावर, पोटाखाली, मांड्यांमधे पाणी ओतत राहा आणि पंखा किंवा वाऱ्याचा झोत त्याच्यावर सोडा. पाणी फ्रिजमधलंच हवं असं नाही, कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. एक मात्र बघा. बागेतला पाइप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी भाजण्याइतकं कढत असतं. ते आधी झाडाबिडावरही नको, जमिनीवर सोडून द्या, हाताला गार लागलं की मग कुत्र्याकडे वळा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप मोजत राहा. निरोगी कुत्र्याचा ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतो. उतरत उतरत साडेएकोणचाळीसच्या आसपास आला की थांबा, नाहीतर तो नको इतका खाली जातो. आणि तोवर दवाखान्याला फोन झालेला असू द्या, कारण कुत्रा उठून बसला तरी आतल्या अवयवांना काय झालंय ते घरी कळत नाही.

याच नियमाच्या शेपटाला एक ओळ आहे, ‘बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका’. ती बरोबर आहे. पाणी फुफ्फुसात जातं. शुद्धीत असलेल्याने मात्र स्वतःहून हवं तेवढं प्यावं, गार प्यायला तरी पोट पिळवटून मरत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्किंग डॉग सेंटरने तर कामाच्या कुत्र्यांना पाण्याच्या भांड्यात आपणहून डोकं बुडवायला शिकवलं. २०२४ च्या त्यांच्या अभ्यासात मानेला ओला टॉवेल, मानेला बर्फाची पिशवी, काखेत ओले टॉवेल आणि डोकं बुडवणं यांची तुलना केली. पळणं थांबल्यावरही अंगाचं तापमान काही वेळ चढतच राहतं, आणि ते चढणं पहिल्यापासून रोखलं ते फक्त डोकं बुडवण्याने. टॉवेल इथेही मागेच.

पाचवा नियम: ‘उष्माघात दुपारच्या उन्हात होतो. संध्याकाळी हवं तेवढं पळवा, दमला की कुत्रा आपणहून थांबतो.’ थांबतो? ज्याने चेंडूच्या मागे धावणारा कुत्रा पाहिला आहे त्याला विचारा. जीभ पार बाहेर, टोकाला पसरून पळीसारखी चपटी झालेली, कडा वर वळलेल्या, लाळ घट्ट होऊन तारा लोंबतायत, आणि तरी चेंडू आणून पायाशी टाकतो नि तुमच्या हाताकडे बघत उभा. तिथे थांबायचं असतं तुम्ही. हॉल, कार्टर, ओनील यांच्या मोजणीत उष्माघाताच्या ७४.२ टक्के घटना श्रमाने झालेल्या निघाल्या, बंद गाडीतल्या ५.२ टक्के. श्रम म्हणजे काही शर्यत नव्हे, बहुतेक वेळा साधं फिरायला नेणंच. संध्याकाळी ऊन उतरतं, पण दमट कोंदट हवा असेल तर धापेची ओल उडत नाही आणि धाप नुसतीच चालू राहते. जातीचाही फरक आहे. लॅब्रॅडॉरशी तुलना केली तर चाऊ चाऊला धोका सुमारे १७ पट, इंग्लिश बुलडॉगला १४ पट, फ्रेंच बुलडॉगला ६ पट. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा वारा खेळायचा रस्ताच अरुंद. त्याला सहलीला चढावर नेऊन ‘बघा कसा मजेत धापा टाकतोय’ असे फोटो टाकणाऱ्यांना काय बोलावं?

गाडीतल्या घटना ५.२ टक्केच म्हणून सातवा नियम माफ होत नाही. ‘सहलीत थांबल्यावर काच दोन बोटं खाली ठेवल्यास कुत्रा अर्धा तास सुरक्षित.’ २००५ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात उन्हातल्या उभ्या गाडीची मोजणी आली होती, लहान मुलांच्या काळजीने केलेली. आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने चढलं आणि त्यातली ८० टक्के चढण पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर २२ असताना आत ४७. काच थोडी उघडी ठेवून जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणजे मेसेजवाल्याने सुरक्षित म्हणून सांगितलेला अर्धा तास हाच सगळ्यात वाईट.

पहिला नियम, ‘पूर्ण मुंडण करा’, इथे मला थोडं मागे सरावं लागतंय. ज्यांचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात, पूडल, शि त्झू वगैरे, त्यांचे केस कापलेच पाहिजेत. केसांचे गठ्ठे झाले असतील तर तेही काढावेच लागतात. पोटावरचे लांब केस थोडे कमी केले तर गार फरशीवर पसरलेल्या कुत्र्याला गारवा चांगला लागतो, हेही मान्य. पण दुहेरी केसांच्या कुत्र्याला, म्हणजे हस्की, स्पिट्झ, पोमेरेनियन यांना वस्तरा लावणं वेगळं. वरचे राठ केस ऊन अडवतात, ते गेले की आतली नाजूक कातडी सरळ उन्हात येते आणि भाजते. शिवाय या जातींत कापलेले केस कधी कधी वर्ष वर्ष नीट येत नाहीत, आले तर ठिकठिकाणी बिनकेसांचे चट्टे राहतात. त्यांचा खालचा मऊ, मेलेला थर विंचरून काढा. उन्हाळ्याच्या तोंडावर एका बैठकीत बादलीभर निघतो.

दुसरा, ‘रस्ता तळहाताने तपासून बघा’, हा खरा आहे. हवा २५ अंश असताना उन्हातलं डांबर ५० च्या वर गेल्याची नोंद आहे. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा, तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नको. चौथा, नाक कोरडं म्हणजे ताप: झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. सहावा, आपलं सनस्क्रीन लावा: कुत्रा ते चाटतो, आणि आपल्या बऱ्याच क्रीममधलं झिंक ऑक्साइड नि सॅलिसिलेट त्याच्या पोटात जायला नको. आठवा, सहलीत तळ्याचं नैसर्गिक पाणी पिऊ द्या, प्रतिकारशक्ती वाढते: उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवट साय दिसली तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्याच्या काही विषांनी कुत्रा तासाभरातही जातो. घरून पाणी न्या.

नववा आणि दहावा एकाच माळेतले. ‘रोज लसणाची एक पाकळी द्या, गोचीड जवळ येत नाही’ आणि ‘बागेत फक्त सेंद्रिय खत वापरा, ते कुत्र्यांना पूर्ण सुरक्षित’. नैसर्गिक म्हटलं की निरुपद्रवी, ही समजूत कुठून आली देव जाणे. कण्हेरही नैसर्गिक आहे आणि तिच्या पानांतलं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. शोभेला लावतात त्या सायकसच्या बिया नैसर्गिकच, आणि त्या यकृत निकामी करतात. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. एका पाकळीने लगेच काही दिसणार नाही, पण नियम ‘रोज’ म्हणतोय. आणि त्याने गोचीड पळते याला कसलाही आधार नाही. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची, आणि औषध पशुवैद्याला विचारून लावायचं.

सेंद्रिय खतात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एरंडीच्या पेंडीची. एरंडाच्या बियांमधलं रायसिन नावाचं विष तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं. पेंड नीट तापवून काढली असेल तर ते नष्ट होतं, पण नीट तापवली की नाही हे पिशवीकडे बघून कळत नाही. अशा खतामुळे कुत्रे दगावल्याच्या नोंदी कोरिया आणि ब्राझीलमधून आलेल्या आहेत. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असला तर कुत्र्याच्या नाकाला ते खत नसतंच, जेवण असतं; कुंडी उकरून खातो. रायसिनवर उतारा नाही. पिशवीच्या मागच्या बाजूला घटक वाचा, एरंडी असेल तर ती घरात आणूच नका. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी-जुलाबाची वाट बघत बसू नका. ते सुरू व्हायला कित्येक तास लागतात. पिशवी बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा.