मांडीवरची टोपी

सकाळी पोहे खाताना टीव्हीवर पट्टी फिरत होती, खासदारांना तीन ओळींचा व्हिप, म्हणजे हजर राहून पक्ष सांगेल तसंच मत द्यायचा सक्त आदेश. दहावीतली लेक म्हणाली, "आई, मत आधीच ठरलंय, तर मग भाषणं कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझे बाबा इथं इंदूरला रामबागेतल्या एका मंडळाच्या कार्यकारिणीत होते. मागचं अंगण दुकानांना भाड्यानं द्यायचा ठराव आला. निवडून आलेल्या पॅनलचं, म्हणजे बाबांच्याच गटाचं, आदल्या रात्रीच ठरलेलं. सगळ्यांचे हात वर, बाबांचे दोन्ही हात मांडीवरच्या टोपीवर. ठराव मंजूर झालाच. पण बाबांचं पद कुणी काढून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पॅनलचेच लोक गणपतीचं वर्गणीपुस्तक घेऊन घरी चहाला!

हेच लोकसभेत केलं असतं तर? १९८५ पासून राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट आहे, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. व्हिप मोडून मत दिलं किंवा नुसतं गैरहजर राहिलं, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकीच जाऊ शकते. निकाल लोकसभा अध्यक्षांनी द्यायचा. आपल्या सुमित्राताई महाजन २०१४ ते २०१९ त्या खुर्चीवर होत्या, इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ज्या ब्रिटनकडून हा व्हिप आला तिथं पक्ष बंडखोराला बाहेर काढतो, पण त्याची जागा शाबूत राहते. आणि इथं? उन्हात रांगा लावून मतं आम्ही द्यायची आणि बटण कुठलं दाबायचं ते व्हिप काढणाऱ्या प्रतोदानं सांगायचं?

हो, १९६७ मध्ये हरियाणात आमदार गयालालांनी तीनदा पक्ष बदलला, ते माहीत आहे. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं. विश्वासमताला व्हिप असू दे, मान्य. पण तेवढ्यालाच ठेवा ना! निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच हे सांगितलं होतं. आणि फोडाफोडी थांबली का? मार्च २०२० मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार गेलं. ज्याला जायचंय तो राजीनामा देऊन जातो. अडकतो तो पक्षातच राहून एखाद्या ठरावाला 'नाही' म्हणणारा. बाबांसारखा.

त्या रात्री आईनं त्यांना विचारलं होतं, एकट्यानं कशाला वाईटपणा घेतलात? ते एवढंच म्हणाले, "मला पटलं नाही गं."

आत्ता झोपताना लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग अंगणाचं काय झालं?"

दुकानं झाली. त्यातल्याच एका दुकानातून ती वह्या आणते.