‘हा खेळ थांबवावा’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

आदरणीय डॉक्टर,

कोचला, म्हणजे काम आणि आयुष्यातली उद्दिष्टे गाठायला सत्रांतून मदत करणाऱ्या मार्गदर्शकाला, मनोविकारांची आणि व्यक्तिमत्त्व विकारांची लक्षणे ठाऊक असावीत, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि मग चार दिवस उत्तर लिहायचे टाळले, कारण पहिल्या दिवशी जे लिहिले गेले असते त्याची मला आज लाज वाटली असती. नावाच्या जागी आपण ‘एक मनोविकारतज्ज्ञ’ एवढेच लिहिले आहे, म्हणून मी आपल्याला डॉक्टर म्हणते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय असा : कोच लक्षणे शिकला की त्याला प्रत्येक माणसात विकार दिसू लागतो, माझ्या लेखात दहा व्यक्तिमत्त्व विकारांची यादी चुकीच्या संस्थेच्या नावावर घातली आहे, लेखात सांगितलेल्या प्रसंगात शंका आल्यानंतरही मी सहा आठवडे सत्रे चालू ठेवली, आणि शेवटचे वाक्य असे : ‘दोन शनिवार-रविवारांच्या प्रमाणपत्रावर लोकांच्या मनाशी चाललेला हा खेळ थांबवावा.’

यादीबद्दलची आपली दुरुस्ती मी मान्य करते. दहा विकारांची तीन गटांत केलेली विभागणी अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या मनोविकारांच्या निदानासाठीच्या नियमावलीतील आहे आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही ती तशीच राहिली. मी ती जागतिक आरोग्य संघटनेची म्हणून लिहिली, ही चूक आहे. संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तर ते जुने प्रकारच उरलेले नाहीत. तिथे विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी ठरवतात, मग ठळक स्वभावविशेष नोंदवतात आणि ‘बॉर्डरलाइन’ (भावना आणि नाती टोकाची अस्थिर असणे) हा एक आकृतिबंध तेवढा जोडीला ठेवलेला आहे. मूळ लेखात मी ही दुरुस्ती केली आहे आणि ती आपल्या सांगण्यावरून केली असेही तिथे नमूद केले आहे.

आता ‘खेळ’ या शब्दाकडे वळते. आपले म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटले असते तर मी दोन ओळींत उत्तर दिले असते. पण आपण माझे म्हणणे खोडलेलेच नाही. माझा हेतू काय असावा हे आपण परस्पर ठरवले आहे. एखादी व्यक्ती कशासाठी एखादे काम करते हे तिला न भेटता, तिचा एक लेख वाचून ठरवणे याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मी पहिल्या सत्रात बसलेल्या माणसाबद्दलसुद्धा असे काही ठरवत नाही.

दोन शनिवार-रविवारांबद्दल सांगायचे तर, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मी चौदा वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले. रात्रपाळीवरून उतरलेला, तीन महिने गैरहजर राहून परत आलेला, सहकाऱ्याच्या अंगावर धावून गेलेला, अशी माणसे माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत आणि त्यांच्या हातात मेमो द्यावा की त्यांना दवाखान्यात पाठवावे हा निर्णय मला करावा लागलेला आहे. त्यानंतरचे माझे कोचिंगचे प्रशिक्षण वर्षभराहून अधिक काळ चालले. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नाही, अशा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदवहीत माझे नाव नाही आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केलेल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत कोच बसत नाही, हे मी पहिल्या भेटीत सांगते आणि करारपत्रावरही लिहिते. हे वाक्य माझ्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात होते. आपण तो परिच्छेद वाचलात की नाही, मला कळायला मार्ग नाही.

तरीही हे सगळे मी सोडून दिले असते. पण लक्षणांविषयी शिकणे हा माझ्यासाठी खेळ का नाही, याचे खरे उत्तर माझ्या घरात आहे. माझा थोरला भाऊ कराडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. आधी त्याचे वर्गात जाणे कमी झाले, मग अंघोळ, मग बोलणे. खानावळीतले लोक आपल्याविषयी कुजबुजतात असे तो म्हणू लागला, तेव्हा आईला वाटले पोरे चिडवत असतील. वडिलांना तो आळस वाटला. मामांनी त्याला देवऋषाकडे नेले. तिथून अंगारा आला, घरी बांधलेला नारळ आला. मग एका डॉक्टरांनी चार मिनिटे पाहून शक्तीच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली, होय, डॉक्टरांनीच. योग्य मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचायला आम्हाला पाच वर्षे लागली आणि तेव्हा स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. आज तो औषधे घेतो, नातेवाइकांच्या दुकानाचा हिशेब ठेवतो, संध्याकाळी चालायला जातो. त्या पाच वर्षांत त्याला रोज पाहणारी किमान वीस माणसे होती. त्यांपैकी एकानेही निदान करायला हवे होते असे मी म्हणत नाही. ‘हा आळस नाही, याला तज्ज्ञाला दाखवा’ एवढे म्हणण्यापुरते ज्ञान एकाकडे असते तर माझ्या भावाची पंचविशी वाचली असती. तुम्ही त्या ज्ञानाला खेळ म्हणता, तेव्हा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

दुसरा पुरावा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे आणि तो मी मूळ लेखात दिला नव्हता. कोचिंग सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ येत असत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. पहिले दोन महिने ते सावकाश, शंकेखोर होते. मग एका सत्राला आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. तीन तासांची झोप पुरते म्हणाले, थकवा नाही म्हणाले, वहीत चार नव्या व्यवसायांचे आराखडे होते, एका वाक्यातून दुसऱ्यात ते इतक्या वेगाने जात होते की मला टिपणे घेता येईनात. मी माझ्या नोंदीत ‘अडथळा सुटला, उत्तम प्रगती’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली आणि कर्ज काढले आणि मी त्यांचे अभिनंदन केले. पुढचा फोन त्यांच्या पत्नीचा होता, रुग्णालयातून. तो उन्माद होता, मन टोकाच्या उत्साहात आणि टोकाच्या नैराश्यात झुलते त्या बायपोलर आजारातला.

डॉक्टर, इथे थोडे थांबा, कारण माझे सगळे म्हणणे या प्रसंगात आहे. कोचची भाषा ही मोठी स्वप्ने पाहा, मर्यादा झुगारा, आजच पहिले पाऊल टाका, अशी असते. खचलेल्या पण निरोगी माणसाला ती उपयोगी पडते. चढत्या उन्मादातल्या माणसाला तीच भाषा सांगणे म्हणजे उतारावरच्या गाडीला मागून ढकलणे आहे, आणि मी ते पैसे घेऊन केले. झोप कमी होऊनही थकवा न येणे हे झोप न लागण्यापेक्षा वेगळे असते. अशी अवस्था सलग चार दिवस टिकली तरी सौम्य उन्मादाचा विचार करतात आणि आठवडाभर टिकली तर पूर्ण उन्मादाचा. हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर मी अभिनंदनाऐवजी ‘यापूर्वी असे कधी झाले होते का, घरचे काय म्हणतात’ असे विचारले असते. माझ्या अज्ञानाने मला माझ्या मर्यादेत ठेवले नाही. त्याने मला बेधडक केले. ज्याला लक्षणे ठाऊक नाहीत तो कोच हात आखडता घेत नाही, तो सगळ्यालाच ‘मानसिकतेचा प्रश्न’ समजून काम करत राहतो.

नैराश्याचेही तसेच. तीन आठवडे ठरवलेले काम न करणाऱ्या माणसाला ‘तुमची बांधिलकी कमी पडते’ असे सांगणारे कोच मी पाहिले आहेत. त्या माणसाला पहाटे चारला जाग येते, जेवणाची चव गेली आहे, आवडती गाणी लावावीशी वाटत नाहीत आणि हे सगळे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालले आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. थायरॉइड मंदावल्यानेही माणूस असा होऊ शकतो, म्हणून मी आधी फॅमिली डॉक्टरकडे जायला सांगते. आणि मरणाचे विचार येतात का, हे मी थेट विचारते. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही. उत्तर होकारार्थी आले की त्या दिवशीचे सत्र तिथेच संपते. घरच्या माणसाला फोन, तज्ज्ञांची भेट आणि हातात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक, एवढेच काम उरते.

व्यक्तिमत्त्व विकारांच्या बाबतीत मी अधिक सावध असते, आणि आपण नेमके याच बाबतीत मला बेजबाबदार ठरवले आहे. हा विकार म्हणजे एक वाईट महिना नसतो. तो किशोरवयापासून किंवा तरुणपणापासून, घरी, कामावर, मैत्रीत, सगळीकडे दिसणारा आणि माणसाला स्वतःला किंवा भोवतालच्यांना जाचणारा घट्ट साचा असतो. घटस्फोटाच्या खटल्यात पोळलेला माणूस वर्षभर संशयी वागेल. दोन वर्षे झोप न झालेली आई क्षणात भडकेल. आठवड्यातून एक तास भेटणाऱ्या मला तो साचा कुठून दिसणार? म्हणून मी शिकवते ते एवढेच की समोरच्या माणसाशी आपले नाते कसे वळण घेते आहे ते पाहावे. एका बाईंना मी पहिल्या महिन्यात ‘आयुष्यात भेटलेली पहिली समजूतदार व्यक्ती’ होते. एक सत्र पुढे ढकलले त्या रात्री मी विश्वासघातकी झाले आणि दोन वाजता सतरा संदेश आले. न शिकलेली मी त्या सतरा संदेशांना अठरावे उत्तर दिले असते. शिकलेल्या मी दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी फोन केला, आवाज चढवला नाही, वेळेची मर्यादा बदलली नाही आणि पुढच्या भेटीत म्हटले, ‘ही उलथापालथ तुम्हाला फार थकवत असणार, यावर नेमके काम करणारे लोक आहेत, मी त्यांतली नाही.’ मी विकाराचे नाव घेतले नाही. नाव घेणे हे आपल्यासारख्या तज्ज्ञांचे काम आहे.

आणि नाव पडले तरी ते जन्माचे नसते, हेही कोचला ठाऊक असावे. मेरी झनारिनी या अमेरिकन संशोधिकेच्या गटाने बॉर्डरलाइन विकार असलेल्या २९० रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी ९३ टक्के लोकांची लक्षणे निदानाच्या पातळीखाली आली आणि किमान दोन वर्षे तशीच राहिली. नोकरी आणि नाती पूर्ववत होणे त्या मानाने अवघड ठरले, आणि तिथे, उपचार चालू असताना, तज्ज्ञांच्या संमतीने कोचला करण्यासारखे काही असते असे मी मानते. ‘असली माणसे बदलत नाहीत’ असे सहज बोलणारे लोक मला कोचपेक्षा सुशिक्षित घरांतच जास्त भेटतात.

लक्षणे शिकलेला कोच सगळीकडे विकार पाहतो, हा आपला मुद्दा. असे काही कोच असतील. समाजमाध्यमांवर सासूला आणि साहेबाला ‘नार्सिसिस्ट’ (स्वतःच्याच प्रेमात बुडालेले) ठरवणारे तर शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्याविरुद्ध मी स्वतः लिहिले आहे. अर्धवट शिकण्यावरचा उपाय शिकणे बंद करणे हा असू शकत नाही, याहून अधिक त्यावर मला म्हणायचे नाही.

सहा आठवड्यांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तो काळ त्या क्लायंटचा आणि माझा आहे, त्यातल्या निर्णयांची कारणे तिच्या आयुष्याशी बांधलेली आहेत आणि तिची संमती मी एका अनामिक प्रतिक्रियेसाठी मागायला जाणार नाही.

आता मीच एक प्रश्न विचारते. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते. आपला महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण इथे चित्र निराळे असेल असे मानायला माझ्याकडे कारण नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या मनोरुग्णालयांच्या नावांची दहशत अजून आमच्या घरांत आहे. ‘येरवड्याला पाठवीन’ ही धमकी मी लहानपणी ऐकलेली आहे. कोचकडे जातो असे सांगायला मात्र लोकांना लाज वाटत नाही, उलट ते ऑफिसात अभिमानाने सांगतात. म्हणजे तुमच्या दारात यायला जो माणूस आणखी पाच वर्षे घेईल, तो आज माझ्या खुर्चीत बसलेला आहे. त्याच्यासमोर मी काय दिसते आहे हे न कळता बसावे, अशी तुमची खरोखर इच्छा आहे का? गेल्या काही वर्षांत माझ्याकडून जी माणसे मनोविकारतज्ज्ञांकडे गेली, त्यांपैकी बऱ्याच जणांना मी स्वतः पहिल्या भेटीची वेळ घेऊन दिली आहे, दोघांबरोबर तर बाहेरच्या बाकावर बसून राहिले आहे. ते तज्ज्ञ माझ्याशी आपल्या सुरात बोलत नाहीत.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही; तिच्याखाली हे उत्तर जोडते आहे. आपण पुन्हा लिहिलेत तर ते अवश्य प्रसिद्ध करीन, मात्र त्या वेळी आपल्या नावासह लिहावे, ही विनंती.